कीटकनाशकांची सुरक्षितता : केंद्र, राज्य आणि आपले गाव

(गारगोटी, ता. भुदरगड येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खरिपाच्या तोंडावर बी कोणते घ्यावे, खताची मात्रा किती द्यावी, कोणत्या किडीवर काय फवारावे, याबद्दल सांगणारे पुष्कळ जण आपल्याला भेटतात. आज मी थोड्या वेगळ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. पिकावर आपण जे औषध मारतो त्याला औषध म्हणत असलो तरी ते विष आहे. या विषापासून माणसाला, जनावराला आणि पाण्याला राखण्याचे काम नेमके कोणाचे? दिल्लीचे, राज्य शासनाचे, दुकानदाराचे, ग्रामपंचायतीचे, की ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याचे?

सगळ्यांचे, असे उत्तर लगेच येते. परंतु जे काम सगळ्यांचे असते ते बहुधा कोणाकडूनच होत नाही, हा आपला गावातला अनुभव आहे. म्हणून कोणी काय करायचे, ही साखळी कोठे तुटते आणि ती सांधण्यासाठी भुदरगड तालुक्यातल्या गावांनी काय करावे, एवढेच आज सांगतो.

कायदा कशामुळे आला

१९५८ साली केरळमध्ये शंभराहून अधिक माणसे एकाएकी दगावली. रोगाची साथ नव्हती. पॅराथिऑन हे अतिविषारी कीटकनाशक आणि खाण्याचा माल एकाच जहाजातून आला, विष गळून खाण्याच्या मालात मिसळले आणि तो माल लोकांच्या पोटात गेला. विष कशात भरावे, कशाबरोबर न्यावे, कोणी विकावे, यावर देशभर लागू होईल असा कायदा त्या वेळी नव्हता. या घटनेची चौकशी झाली आणि पुढे १९६८ साली कीटकनाशक कायदा संमत झाला. त्याचे नियम १९७१ साली आले. आपल्या हातातल्या डब्यावर जो रंगीत त्रिकोण असतो, तो या कायद्याने आणि नियमांनी आणलेला आहे.

कामाची वाटणी

आपल्या राज्यघटनेत शेती आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्यांचे विषय आहेत. ‘औषधे व विषे’ हा विषय मात्र समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य या दोघांकडे आहे. त्यामुळे कीटकनाशकांचे काम एकट्या सरकारला करताच येत नाही. वाटणी साधारण पुढीलप्रमाणे आहे.

केंद्राकडे नोंदणी आहे. केंद्रीय नोंदणी समितीने तपासून क्रमांक दिल्याशिवाय कोणतेही कीटकनाशक देशात तयार करता किंवा आयात करता येत नाही. ते कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरायचे हेही तेथेच मंजूर होते. यालाच ‘लेबल क्लेम’ म्हणतात.

राज्याकडे विक्रीचा परवाना, दुकानांची तपासणी, नमुने काढणे, प्रयोगशाळेत तपासणे आणि खटला भरणे ही कामे आहेत. कीटकनाशक निरीक्षक दुकानातून नमुना काढतो तेव्हा त्याचे तीन भाग करतो. एक भाग विक्रेत्याकडे राहतो, एक प्रयोगशाळेकडे जातो आणि एक न्यायालयासाठी राखला जातो. पुणे येथे राज्याची प्रयोगशाळा आहे. वाद झाल्यास अखेरचा निर्वाळा फरिदाबाद येथील केंद्रीय कीटकनाशक प्रयोगशाळेचा असतो.

विषबाधेबाबतही दोघांचा वाटा ठरलेला आहे. विषबाधेची प्रत्येक घटना कोणी, कोणत्या अधिकाऱ्याला कळवायची हे कलम २६ अन्वये राज्य शासन ठरवून देऊ शकते. एखाद्या औषधापासून माणसाला किंवा जनावराला धोका दिसला तर कलम २७ अन्वये राज्य शासन त्याची विक्री व वापर ६० दिवसांपर्यंत थांबवू शकते. चौकशी पुरी झाली नाही तर आणखी ३० दिवस वाढवू शकते. नोंदणी कायमची रद्द करण्याचा अधिकार मात्र केंद्राचा. म्हणजे राज्याने धोका ओळखून तात्पुरते थांबवायचे, कळवायचे, आणि केंद्राने तपासून कायमचा निर्णय घ्यायचा.

रचना चांगली आहे. पण तिचे दोन्ही टोकांचे काम खालून वर जाणाऱ्या माहितीवर चालते. अमुक गावात, अमुक औषध फवारताना, अमुक माणसाला त्रास झाला, हे गावातून तालुक्याला कळलेच नाही, तर पुण्याला आणि दिल्लीला कोठून कळणार?

यवतमाळचा धडा

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात हेच घडले. त्या वर्षी कापूस डोक्याएवढा वाढला होता. हवा दमट होती. दोन-तीन औषधे एकत्र करून, जोरदार फवाऱ्याच्या पंपांनी, तोंडाला साधे फडके बांधून मजूर दिवसभर फवारत होते. पीक डोक्याच्या वर गेले की फवारा पिकावर कमी आणि अंगावर जास्त पडतो. शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात मजुरीने फवारणी करणारे पुष्कळ होते.

पावसाळ्यातच रुग्ण दवाखान्यात येऊ लागले होते. राज्यभर गांभीर्याने दखल घेतली गेली तोपर्यंत सप्टेंबर संपत आला होता. नंतर विशेष तपास पथक नेमले गेले. यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा व वाशिम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होते. त्याच मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के प्रवाही रूपावर केंद्राने २०२३ च्या आदेशाने बंदी घातली आणि उरलेला साठा संपवण्यास मुदत दिली. राज्याची बंदी दोन महिन्यांची, आणि केंद्राचा निर्णय सहा वर्षांनी! या मधल्या काळात माणसाला राखणारे कोण? त्याचा गाव आणि त्याचा मालक, दुसरे कोणी नाही.

दवाखान्यातले पहिले रुग्ण आणि कृषी खात्याचा पहिला इशारा यांत जो काळ जातो, तो काळच माणसे नेतो. हा काळ कमी करणे आपल्या हातात आहे, म्हणून यवतमाळची गोष्ट गारगोटीत सांगितली.

कायदा बांधाशी थांबतो

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कीटकनाशक कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे, स्वतःच्या कसणुकीखालील जमिनीत औषध वापरणाऱ्याला हा कायदा लागू होत नाही. शेतकऱ्याला निरीक्षकांचा जाच होऊ नये म्हणून ही सूट आहे आणि ती योग्यच आहे. परंतु तिचा दुसरा अर्थ असा, की कारखाना, गोदाम, दुकान इथपर्यंत सरकारचा हात पोचतो आणि बांधाशी थांबतो. बांधाच्या आत फवारणाऱ्याची काळजी शेताच्या मालकाने घ्यायची.

आणि आता पंप नेहमी मालकाच्याच पाठीवर असतो असे नाही. डबा एकाने आणायचा, मात्रा दुसऱ्याने सांगायची, पाणी घरच्या बाईने ओतायचे आणि फवारायचे तिसऱ्याने, असे चालते. डबा आणणारा लेबल वाचू शकतो, पण तो शेतात नसतो. शेतात असतो त्याच्या हातात मोजून दिलेले औषध असते, तेही पुष्कळदा दुसऱ्याच बाटलीत. त्याला त्रास झाला तर दवाखान्यात काय सांगणार? ‘पांढरे औषध होते’, एवढेच.

वाड्या-वस्त्यांवरची माणसे

म्हणूनच डोंगरातल्या धनगरवाड्यांवरून मजुरीला येणारी माणसे, ऊसतोडीच्या टोळ्यांतली माणसे, पैऱ्याने कामाला येणारे भाऊबंद यांचा विचार आधी झाला पाहिजे. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत कोलाम, गोंड या आदिवासी समाजांची माणसे अशाच मजुरीवर राहतात. तेथील अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. पण ग्रामसभा आपल्याकडेही आहे, आणि विषाबद्दल बोलायला कोणी तिला मनाई केलेली नाही.

या बाबतीत अमेरिकेतील एक पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तेथेही कीटकनाशकांची नोंदणी केंद्राकडे असते. परंतु तपासणी आणि फवारणी करणाऱ्यांचे प्रशिक्षण यांसाठी केंद्रीय पर्यावरण संस्था राज्यांशी करार करते, आणि स्वतःचे शासन असलेल्या आदिवासी जमातींशीही वेगळे करार करते. अशा जमाती आपल्या भागासाठी आपलाच निरीक्षक नेमू शकतात. त्याचा पगार व प्रशिक्षण यांसाठी केंद्राकडून पैसा मिळतो. बाहेरच्या साहेबापेक्षा आपल्या बोलीत बोलणाऱ्या, आपले पाणवठे आणि आपली रानभाजी कोठे उगवते हे ठाऊक असलेल्या माणसाचे लोक ऐकतात, हे त्यामागचे साधे कारण आहे. आपल्याकडे असा करार नाही. पण प्रत्येक वाडीवर एक तरी दहावी-बारावी शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे. वाडीसाठी लेबल वाचणारा माणूस म्हणून त्याला तयार करायला करार लागत नाही.

डबा घेताना काय पाहावे

१) त्रिकोणाचा रंग : उंदरांवरील प्रयोगात तोंडावाटे दिल्यावर निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजून हे रंग ठरवले आहेत. लाल म्हणजे १ ते ५०, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५,००० आणि हिरवा ५,००० च्या वर. लाल त्रिकोणाबरोबर कवटी व हाडांचे चित्र असते. हिरवा म्हणजे निर्धोक असे समजू नये. तो कमी विषारी, एवढेच.

२) नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख : यांतले एक जरी नसेल तर तो डबा घेऊ नये.

३) लेबल क्लेम : आपले पीक आणि आपली कीड माहितीपत्रकात आहे का, आणि शेवटची फवारणी ते काढणी यांत किती दिवस ठेवायचे, हे वाचावे. माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा दिलेला असतो. ते पत्रक दुकानातच टाकून येऊ नये.

४) पक्के बिल : बिलावर औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्यावा. निपाणीचा बाजार आपल्याला जवळ आहे आणि तेथून औषधे आणणारे पुष्कळ आहेत. नोंदणी क्रमांक सबंध देशाला एकच असला तरी विक्रीचा परवाना ज्या त्या राज्याचा असतो. कर्नाटकातल्या दुकानातून घेतलेल्या मालाची तपासणी आपल्या तालुक्याचा निरीक्षक करू शकत नाही. तक्रार तेथील कृषी खात्याकडे करावी लागते, आणि बिल नसेल तर तीही करता येत नाही.

५) बंदी आलेली औषधे : आपल्या भागात ऊस आणि भुईमुगातील हुमणीसाठी वर्षानुवर्षे फोरेट, म्हणजे ज्याला आपण थिमेट म्हणतो, ते वापरले गेले. त्याच्या विक्रीवर व वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून केंद्राची बंदी आहे. जुना साठा म्हणून कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये. हुमणीसाठी वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर जमणारे भुंगेरे फांद्या हलवून गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात मारावेत. मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून जमिनीत द्यावी. भुंगेरे गोळा करण्याचे काम एकट्याने करून भागत नाही. सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात केले तर फायदा दिसतो.

विषबाधा झाल्यास

खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, उलटी, पोटात कळा, स्नायू फडफडणे, दम लागणे ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांच्या विषबाधेची लक्षणे आहेत. उन्हाचा त्रास म्हणून ती अंगावर काढू नयेत.

माणसाला लगेच शेतातून बाहेर, मोकळ्या हवेत आणावे. अंगावरचे कपडे काढून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याची धार धरावी. दूध, तूप पाजू नये आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. सोबत औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल न विसरता न्यावे. कारण उतारा सगळ्या औषधांना एक नाही. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषाला ॲट्रोपिन देतात. पॅराक्वाट या तणनाशकाला तर उताराच नाही. डॉक्टरांना औषधाचे नाव कळले नाही तर त्यांना अंदाजाने उपचार करावे लागतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील विष माहिती केंद्राचा विनामूल्य दूरध्वनी १८०० ११६ ११७ आहे. तेथून डॉक्टरांनाही सल्ला मिळतो.

वेदगंगेचे पाणी

वेदगंगा पाटगावकडून गारगोटीवरून खाली मुरगूडकडे आणि पुढे कर्नाटकात जाते. तिच्यावर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यात पाणी अडलेले असताना वरच्या अंगाला कोणी पंप धुतला तर ते विष वाहून न जाता साठलेल्या पाण्यात राहते आणि त्याच पाण्यावर खालच्या गावाची नळयोजना चालते. पंप व डबे नदी, ओढा, विहीर यांच्यापासून दूर, शेतातच धुवावेत. डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच घ्यावे. नंतर डबा फोडून वस्ती व पाण्यापासून दूर पुरावा. रिकाम्या डब्यात पाणी, तेल, धान्य ठेवू नये.

पाटगावचा परिसर मधासाठी ओळखला जातो. पीक फुलोऱ्यात असताना सकाळी फवारले तर मधमाश्या मरतात. फवारणी अटळच असेल तर संध्याकाळी, माश्या पोळ्यावर परतल्यावर करावी आणि जवळच्या मधपाळाला आदल्या दिवशी सांगावे.

गावाने करावयाची कामे

१) नोंदवही : ग्रामपंचायतीत विषबाधेची एक वही ठेवावी. तारीख, औषधाचे नाव, नोंदणी व बॅच क्रमांक, पीक, पंपाचा प्रकार, झालेला त्रास आणि कोठे उपचार केले, एवढे रकाने पुरेत. किरकोळ चक्कर, मळमळही नोंदवावी. नोंद झाली की त्याच दिवशी तालुका कृषी अधिकारी व आरोग्य केंद्र यांना लेखी कळवून पोच घ्यावी. एकाच बॅचच्या तीन नोंदी तीन गावांतून आल्या, तर निरीक्षकाला नमुना काढायला भक्कम आधार मिळतो.

२) फवारणी करणाऱ्यांची यादी : गावात व वाड्यांवर मजुरीने फवारणारे कोण, याची यादी करून पेरणीपूर्वी त्यांना कृषी खात्याकडून प्रशिक्षण द्यावे. आजारी माणूस, गरोदर वा अंगावर पाजणारी बाई आणि अठरा वर्षांखालील मूल यांना या कामावर घेऊ नये.

३) संरक्षक साहित्य : हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा, योग्य तोंडपट्टी, पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट असे चार-पाच संच विकास सोसायटीने किंवा बचत गटाने घेऊन ठेवावेत आणि लागतील तसे द्यावेत. एक संच एका शेतकऱ्याला महाग वाटतो, पण सामायिक असला की वाटत नाही.

४) लेबल वाचन : औषध टाकीत ओतण्यापूर्वी फवारणाऱ्याला लेबल मोठ्याने वाचून दाखवावे. औषध मूळ डब्यातूनच द्यावे, दारूच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही नाही. वाऱ्याच्या दिशेने फवारावे, भर उन्हात नको, आणि उपाशीपोटी तर मुळीच नको.

५) ग्रामसभेत विषय : १ मे च्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि वर्षभराच्या नोंदी वाचाव्यात. ठरावाची प्रत पंचायत समितीला पाठवावी.

हे लहान काम वाटेल. पण केरळमधील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हवाई फवारणीने एंडोसल्फान मारले जात होते, तेव्हा आपल्या वस्तीत मुले आजारी का जन्मतात हा प्रश्न पहिल्यांदा तेथल्या गावांतूनच उठला. तो प्रश्न अनेक वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १३ मे २०११ रोजी न्यायालयाने एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर देशभर थांबवला.

बंधू-भगिनींनो, शेतीबद्दल काही शंका असेल तर किसान कॉल सेंटरच्या १८०० १८० १५५१ या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते. पण आपल्या शिवारात कोण आजारी पडले, हे त्या क्रमांकाला आपणच सांगितल्याशिवाय कळणार नाही. केंद्राने नोंदणी केली, राज्याने परवाना दिला, दुकानदाराने बिल दिले, तरी पंप भरताना तेथे आपण असतो. रोहिणीचा पाऊस पडण्याआधी आपल्या ग्रामपंचायतीत ती नोंदवही उघडा. तिचे पहिले पान वर्षअखेर कोरे राहिले तर त्याहून चांगली बातमी नाही. पण ते त्रास झालाच नाही म्हणून कोरे राहावे, कोणी लिहिलेच नाही म्हणून नव्हे.